एक्कावन्नावी बाई

आमच्या सूतगिरणीत पन्नास बायका कामाला होत्या. एक्कावन्न कधीच झाल्या नाहीत. त्या होऊ न देणं हे माझं काम होतं.

गिरणी सहकारी होती आणि सांगलीपासून फार लांब नव्हती. नाव सांगत नाही. तिच्या त्या वेळच्या संचालकांपैकी दोघांचे अर्धपुतळे आता उभे राहिले आहेत, आणि पुतळ्यांशी वाद घालणं माझ्या वयाला झेपत नाही. मी तिथे टाइमकीपर होतो. पुढे हेड टाइमकीपर झालो, म्हणजे काम तेच राहिलं आणि खुर्चीला हात आले.

पन्नासचं गणित बाहेरच्यांना सांगायला हवं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कायदा असा होता, की कारखान्यात पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तर मालकाने त्यांच्या लहान मुलांसाठी पाळणाघर चालवायचं. स्वच्छ, हवेशीर खोली, पाळणे, दूध, मुलांकडे बघायला शिकलेली बाई, शिवाय अंगावर पिणाऱ्या मुलाच्या आईला मधे जाऊन यायची सवड. हा कायदा ज्याने लिहिला त्याच्या डोळ्यांसमोर मूल असणार. ज्यांनी तो वाचला त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त आकडा होता. मी रुजू झालो त्याच दिवशी मॅनेजरसाहेब म्हणाले, "बायकांचा मस्टर पन्नासवर थांबला पाहिजे. एक निघाली तर एक घ्यायची. समजलं?"

मला समजलं. का, असं मी विचारलं नाही. नगरवाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणणारा आणि संध्याकाळी कट्ट्यावर जगातल्या अन्यायाबद्दल तावातावाने बोलणारा माणूस होतो मी. नोकरीच्या पहिल्या दिवशी मात्र अन्याय ओळखू येत नाही. तो कामाच्या यादीत लिहिलेला असतो.

टाइमकीपरचं काम दिसायला सोपं. प्रत्येक कामगाराला एक नंबर आणि त्या नंबरचा पितळी बिल्ला. बिल्ले फाटकाशेजारच्या फळीवर टांगलेले. आत येताना कामगाराने आपला बिल्ला उचलायचा आणि खात्यात जाऊन पेटीत टाकायचा. भोंग्यानंतर दहा मिनिटांनी फळी बंद. फळीवर जो बिल्ला राहिला, त्याचा खाडा. मग फाटकाबाहेर ताटकळणाऱ्या बदली कामगारांपैकी कुणाला तरी त्या जागी घ्यायचं. सगळी गिरणी मला अशी नंबरांनी ओळखीची होती. चेहरे बघायला सवड नसे, आणि खरं सांगायचं तर गरजही वाटत नसे.

माझ्या टेबलावरून रजेचे अर्जही जात. त्यांत खरं लिहिणारा माणूस मला क्वचित भेटला. रजा मिळायची ती स्वतःच्या आजाराला. बायको बाळंत व्हायची असेल, पोराला गोवर असेल, आई अंथरुणाला खिळली असेल, तर त्याला कागदावर रकानाच नव्हता. पाटणकडचा एक फिटर होता. त्याचा बाप मिरजेला दवाखान्यात पडला होता. त्याने तसं सरळ लिहिलं. अर्ज नामंजूर. मग त्याने दुसरा अर्ज केला, स्वतःच्या पोटदुखीचा. तो लगेच मंजूर. चार दिवसांनी बाप गेला, तेव्हा नियमाप्रमाणे त्याला तीन दिवसांची रजा मिळाली. बाप मेल्यावर तीन दिवस. तो मरू नये म्हणून उशाशी बसायला एकही नाही. हा नियम बनवणारे सगळे आईबाप असलेले लोक होते.

आणि याच गिरणीच्या फाटकावर हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवलं होतं, 'गिरणी ही कामगारांची माउली आहे.' ते वाक्य माझं. चेअरमनसाहेबांची भाषणं मी लिहून देत असे. वर्धापनदिनाच्या भाषणात ते घातलं. साहेबांना इतकं आवडलं, की त्यांनी दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावला. मला एक शाल मिळाली. त्या भाषणात मातृत्वावर आणखी दीड पान होतं. समोर पुढच्या रांगेत वाइंडिंग खात्याच्या बायका बसवल्या होत्या, घड्याळाकडे बघत. त्यांची मुलं घरी कोंडलेली होती.

वाइंडिंग म्हणजे लहान कांड्यांवरचं सूत मोठ्या कोनांवर गुंडाळण्याचं खातं. तुटलेला धागा डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारून जोडायचा. आमच्या सगळ्या बायका याच खात्यात. सकाळी सात ते साडेतीन उभ्याने काम. कापसाचं तूस नाकात जातं म्हणून तोंडाला फडकं, डोक्यावर पदर. दिसायचे ते डोळे आणि हात.

त्यांतला दोनशे सोळा नंबर फुलाबाईचा. माण तालुक्यातली. मोठ्या दुष्काळात तिकडून उठून जी कुटुंबं आली त्यांतलं हे एक. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, मुंबईला गोदीत. इकडे गिरणीमागच्या वस्तीत दोघी जावा, थोरलीची दोन मुलं, धाकटीचं एक तान्हं आणि अर्धं अंग गेलेली सासू. फुलाबाई थोरली. पहिलं वर्षभर तिचे खाडे पाहून मी तिला दोनदा ताकीद दिली होती. तिसरी झाली असती तर नाव कमी. आणि मग अचानक खाडे थांबले. एक महिना गेला, दोन गेले, सहा महिने झाले. अख्ख्या गिरणीत दोनशे सोळा हा एकच नंबर असा, की ज्याचा सहा महिन्यांत एकही खाडा नाही.

इतकी हजेरी माणसाची असत नाही. मी फळीजवळ उभा राहून पाहू लागलो. मंगळवारी दोनशे सोळाने उजव्या हाताने बिल्ला उचलला. बुधवारी डाव्या. गुरुवारी उजव्या. शुक्रवारी पुन्हा डाव्या. आणखी एक लक्षात आलं. ज्या दिवशी डावा हात, त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मागच्या तारेच्या कुंपणाशी एक बाई तान्हं मूल घेऊन यायची. उजव्या हाताच्या दिवशी कुणी येत नसे.

मागच्या फाटकावर एक माजी हवालदार राखणीला होता. त्याला विचारलं.

"साहेब, आपण काय बघितलंच न्हाई," तो म्हणाला. "ऑर्डर न्हाई तर रिपोर्ट न्हाई."

"अहो, पण मूल कुणाचं?"

"भुकेलं हुतं. एवढं मला कळलं."

मग मी वाइंडिंगच्या मुकादमीण हौसाबाईला गाठलं. ती पन्नाशीची, गिरणी सुरू झाल्यापासूनची, आणि माझ्या पदाचा तिच्यावर काडीचा परिणाम होत नसे.

"हौसाबाई, दोनशे सोळा ही बाई एक आहे की दोन?"

"कोन मोजा की. कोन कमी भरलं का कवा?"

"नाही."

"धागा तुटलेला राह्यला?"

"नाही."

"मग बायका कशाला मोजताय?"

सगळ्या खात्याला माहीत होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार धाकटी जाऊ शेवंता यायची. मंगळवार, गुरुवार, शनिवार फुलाबाई. जी घरी ती सासूला उठवायची, न्हाऊ घालायची, तिन्ही पोरांचं बघायची. काम शेवंताला थोरलीनेच शिकवलं होतं, घरी दाराच्या कडीला दोरा बांधून. एका बिल्ल्यावर दोन बायका चालत होत्या आणि गिरणीला सहा महिने कळलं नव्हतं, कारण कळण्यासारखं काही बिघडलंच नव्हतं.

मी फुलाबाईला सुट्टीत बाजूला बोलावलं. ती घाबरली. शेवंता असती तर घाबरली नसती, हे मला पुढे कळलं.

"आवं साहेब, चोरी न्हाई केली. एकाच जागंचं काम एकाच जागी करतोय. मी एकलीनं येत हुते तवा तुमीच दोनदा कागद दिला मला. म्हातारीला पाणी कुणी पाजायचं?"

"मी काही करत नाही, फुलाबाई. चालू दे."

इथवर माझं वागणं ठीक होतं. आणखी तीन महिने मी गप्प बसलो, तेही ठीक. त्यानंतर जे केलं त्याचा राग मला अजून आहे. मॅनेजरसाहेबांवर आहे त्याहून थोडा जास्तच.

मला वाटलं, ही किती शहाणी गोष्ट आहे. दोन बायकांनी, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, असा प्रश्न सोडवलाय की जो कुठल्या संचालक मंडळाला सुटला नाही. हे चोरून का चालावं? हे रीतसर व्हायला हवं. आणि रीतसर म्हटलं की माझा हात लेखणीकडे जातो. शनिवारी संध्याकाळी बसून मी अडीच पानांचं टिपण लिहिलं. 'घरी लहान मूल अथवा आजारी माणूस असलेल्या स्त्री कामगारांना एका जागेवर दोघींनी आळीपाळीने काम करण्याची मुभा द्यावी.' खाडे कसे थांबले, बदली कामगार शोधण्याचा त्रास कसा वाचला, उत्पादन कसं टिकलं, सगळं मांडलं. नावं दिली नाहीत. 'एका खात्यातील अनुभवावरून' एवढंच लिहिलं. भाषा चांगली उतरली होती. सोमवारी दुपारी साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि उभा राहिलो, शाबासकीसाठी.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "किती दिवसांपासून चाललंय?"

"नऊ महिने झाले, सर."

"बघू," ते म्हणाले.

मी खूश होऊन घरी गेलो. बायकांना सावध करावं असं मनातही आलं नाही. 'बघू' या शब्दात मला आशा दिसली. इतकी वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला.

बुधवारी पावणेसातला साहेब स्वतः फळीजवळ उभे. बायका एकेक करून बिल्ले उचलत होत्या. दोनशे सोळावर डावा हात पडला.

"नाव काय तुझं?"

तिने तोंडावरचं फडकं खाली केलं. "शेवंता."

"बिल्ला कुणाचा हा?"

"आमचा."

तिला खोटं बोलता आलं असतं. फुलाबाई एवढा एक शब्द पुरला असता. तो तिला सुचला नाही, कारण आपण काही लपवतोय असं तिला वाटतच नव्हतं.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, "सर, मी प्रस्ताव दिला होता. तक्रार नव्हती."

"प्रस्तावच तर अडचणीचा आहे," ते शांतपणे म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. वाईट असते तर मला लिहायला सोपं गेलं असतं. "दोघींची नावं मस्टरवर घेतली की बायका किती होतात?"

"पण त्या अर्ध्या अर्ध्या..."

"कायद्यात अर्धी बाई नसते. एक्कावन्न होतात. उद्या इन्स्पेक्टर आला आणि हे तुमचं टिपण फायलीत दिसलं, तर? खोली, पाळणे, आया, दूध. चेअरमनना मी काय सांगू? मला नुसतं ऐकून माहीत असतं, तर मला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं. आता कागद आलाय. कागदावर कारवाई करावी लागते."

हे मला सुचायला हवं होतं. पन्नासचा आकडा रोज मी सांभाळत होतो. दुसऱ्या कुणाला नाही तरी मला एक्कावन्न मोजता यायला हवे होते. माझ्या वाक्यांचा तोल मी तीनदा तपासला आणि बेरीज एकदाही केली नाही.

मग चौकशी झाली. आरोप तोतयेगिरीचा. सांगलीहून वकील आणले होते, त्यांनी काळा कोट घातला होता आणि त्यांच्यासमोर पाण्याचा जग होता. दोन बायकांनी आळीपाळीने सूत गुंडाळलं म्हणून एवढा थाट. जबाब लिहून घ्यायला मी.

वकिलांनी विचारलं, "गिरणीची कामगार तुमच्यापैकी कोण?"

"आमी," शेवंता म्हणाली.

"एका बिल्ल्यावर एकच कामगार असतो, बाई."

"मग दोन बिल्लं द्या की," फुलाबाई म्हणाली. "आमी कवा नगं म्हनलो?"

"नियम माहीत होता का तुला?"

"कंचा?"

वकिलांनी नियम वाचून दाखवला. इंग्रजीत. मग मला मराठीत सांगायला सांगितला. मी सांगितला.

फुलाबाईने तो ऐकून घेतला. मग म्हणाली, "ह्यात म्हातारीचं काय लिवलंय?"

"म्हातारी कोण?" वकिलांनी मला विचारलं.

"सासू, सर. अर्धांगाची."

"ते चौकशीच्या कक्षेत येत नाही," असं ते म्हणाले, आणि मी ते लिहून घेतलं.

साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत मला बोलावून एक वाट काढली. फुलाबाईने एवढंच लिहून द्यायचं, की मी आजारी असताना धाकट्या जावेने मला न सांगता माझा बिल्ला वापरला. फुलाबाईची नोकरी राहील. शेवंता कामगारच नाही, तिला कोण काढणार? पोलिसांत द्यायचं नाही, असा साहेब शब्द देत होते. मी तो मसुदा करून घेऊन गेलो. मसुदे मला पटकन जमतात. दोघी कचेरीच्या पायरीवर बसल्या होत्या, शेवंताच्या मांडीवर मूल.

फुलाबाईने ऐकून घेतलं.

शेवंता म्हणाली, "द्या अंगठा, आक्का. मला काय फरक पडतोय?"

"तू गप." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "हिनं चोरला म्हनू? आन सांजच्याला हिच्याच हातची भाकरी खाऊ? साहेब, तुमच्यात जमतं व्हय आसं?"

"नोकरी राहील, फुलाबाई."

"राहील. मंग रोज सात ते साडेतीन मीच येनार. हिचं नाव चोर म्हनून पडल्यावर हिला दुसरं कोन कामाला घील? आन मला पुन्यांदा खाडं पडतील. तुमीच तिसरा कागद द्याल. परत पायरीवर बसायचं त्यापरास आत्ताच बसलेलं बरं."

मसुदा खिशात घालून परत आलो. आठवड्यात फुलाबाईला बडतर्फ केल्याची नोटीस निघाली. टाइप मी केली. दोनशे सोळा नंबरचा बिल्ला एका नव्या मुलीला दिला. मॅनेजरसाहेबांची तोंडी सूचना होती, लग्न न झालेली बघा.

निवृत्तीनंतर मी गिरणीच्या दिवसांवर लिहू लागलो, म्हणून मुलाखतींत, परिसंवादांत मला हल्ली विचारतात, मालकांनी नोकरदार आईबापांसाठी काय करावं? मागच्या वर्षी एका मोठ्या हॉटेलात असा परिसंवाद होता. पडद्यावर चित्रं, मंचावर समई, पाहुण्यांना रोप. वक्ते म्हणत होते, घर आणि काम यांची सांगड घालण्याचे अभिनव मार्ग शोधायला हवेत. मला हसू आलं नाही, तिडीक आली. मार्ग शोधून झाले होते. ज्यांना गरज होती त्यांनी ते आपल्या आपण शोधले होते, फुकट, दाराच्या कडीला दोरा बांधून. मालकाने फक्त एकच करायचं होतं. आड यायचं नव्हतं. आणि एक खोली द्यायची होती. आमच्या गिरणीत रिकामी खोली होती. तिच्यात वर्धापनदिनाचा मांडव ठेवत.

पुढे कायदा सुधारला. पन्नासच्या जागी तीस झाले, म्हणजे तीसच्या वर बायका असतील तर पाळणाघर हवं. ज्यांनी तो सुधारला त्यांना वाटलं असेल, आता आणखी पुष्कळ मुलांची सोय होईल. आमच्याकडे साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मस्टर तीसवर आणायचा." जी बाई बाळंतपणाला गेली तिला परत घेतलं नाही. जी आजारी पडली तिची जागा पुरुषाला दिली. दीड वर्षात वीस बायका घरी गेल्या. हौसाबाईही त्यांतच गेली. मी प्रत्येकीची नोटीस टाइप केली, एकही चूक न करता. राजीनामा द्यावा असं दोनदा मनात आलं. घरी माझी दोन मुलं शाळेत होती. त्यांना बघायला माझी बायको घरी होती, म्हणून मी एवढ्या वक्तशीरपणे इतरांचा उशीर मोजू शकत होतो. ही गोष्टही मला फार उशिरा कळली.

त्याच दशकाच्या शेवटी एकदा लोणंदला गाडीसाठी तीन तास थांबावं लागलं. म्हणून बाजारात फिरत होतो. एका व्यापाऱ्याच्या आवारात बायका कांदा निवडत बसल्या होत्या. त्यांत फुलाबाई. मी तिला ओळखलं नाही, तिने मला ओळखलं.

"आवं टाइमकीपर साहेब. हिकडं कुठं?"

मी बसलो. सासू गेल्याचं तिने सांगितलं. आता शेवंताची आई यांच्याकडे आली होती, तिला दिसत नव्हतं. थोरला मुलगा सातवीत. काम कांदा असेल तोवर, नसेल तेव्हा नाही. हाताला कायम वास, आजारी पडलं तर त्या दिवशी काही नाही. गिरणीची कायमची जागा होती, ती कुठे आणि हे कुठे. तिने हे रडून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

मग मी ते सांगितलं, जे इतकी वर्षं सांगायचं राहिलं होतं. टिपण मी लिहिलं होतं. तुमचं भलं व्हावं म्हणून लिहिलं होतं.

तिच्या हातातला कांदा थांबला नाही. "ठावं हाय. हौसाबाई बोलली हुती."

"तेव्हा काही म्हणाली नाहीस?"

"काय म्हनायचं? चाललं हुतं की साहेब, लय झ्याक चाललं हुतं. तुमाला लिवायला कुनी सांगितलं?"

मी उठलो. विचारावं की नाही कळत नव्हतं, तरी विचारलं, "आणि शेवंता?"

ती पहिल्यांदा हसली. आवाराच्या दारात व्यापारी तराजूपाशी उभा होता, त्याच्याकडे एकदा बघून घेतलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ती उद्या येनार. आज माझा दिस." मग कांद्याची टोपली पुढे ओढत म्हणाली, "साहेब, तुमी गाडीला जावा. हितं कायबी लिवू नगा."